विजेच्या सुरात हात किती?

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला स्टुडिओचं दार बंद केलं. आक्षेप आपल्याला पाठ आहे: पट्टी दाबली की ठरलेला सूर वाजतो आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत काहीच नाही. मींड नाही, आंदोलन नाही, श्रुतींचा तर प्रश्नच नाही. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्यासारख्या वादकांनी भात्याचा दाब आणि बोटांची सफाई यांच्या जोरावर मींडेचा भास उभा केला, तो कानांना पटलाही. तरी पट्टीची मर्यादा पट्टीतच राहिली.

विजेवर वाजणाऱ्या वाद्यांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहताना हाच वाद पुन्हा पुन्हा भेटतो, फक्त माणसं आणि शहरं बदलतात. आवाज कसा निर्माण करायचा हे तंत्रज्ञांनी बऱ्यापैकी लवकर सोडवलं. त्या आवाजात वादकाचा हात कसा आणायचा, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. सतारीची तार ओढली की ताण वाढतो, म्हणून सूर चढतो. तिथे हात आणि नाद यांची गाठ पदार्थानेच बांधलेली असते. सिंथेसायझरमध्ये ती नसते. कुठल्या हालचालीने नादात काय बदलावं हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. हातमोजे, उजळलेली टेबलं, श्वासाच्या नळ्या, बटणांच्या जाळ्या अशी जी चमत्कारिक उपकरणं मंचावर दिसतात, ती याच ठरवाठरवीतून जन्मली. त्यांतली बहुतेक का विरली आणि थोडी का टिकली, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात थेट टोकापासून झाली. लेव तेरमेन या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास पेत्रोग्राडमध्ये एक वाद्य बनवलं, ज्याला हात लावायचाच नसतो. आत उच्च वारंवारतेचे दोन आंदोलक. एक स्थिर, दुसरा उभ्या अँटेनाजवळच्या हाताच्या विद्युतधारितेमुळे सरकणारा. दोघांच्या वारंवारतेतला फरक म्हणजे आपल्याला ऐकू येणारा सूर. उजवा हात अँटेनाजवळ नेला की सूर चढतो, डावा हात आडव्या कडीवर खाली आणला की आवाज बारीक होतो. १९२२ मध्ये तेरमेनने ते लेनिनला वाजवून दाखवलं. पुढे अमेरिकेत आरसीए कंपनीने सुमारे पाचशे थेरेमिन बनवले. कुणालाही सहज वाजवता येईल असा जाहिरातीचा सूर होता आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. पट्टी नाही, पडदा नाही, तारही नाही. सूर हवेत शोधायचा. खांदा हलला, कुणी जवळ येऊन उभं राहिलं, हवेतला दमटपणा वाढला, तरी सूर ढळतो.

इथे पेटीचा प्रश्न अगदी उलटा झालेला दिसतो. थेरेमिनमध्ये मींडच मींड आहे. कठीण काय, तर स्वच्छ, सुटा, खडा सूर लावणं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली घसरण ऐकू येऊ द्यायची नसेल, तर डाव्या हाताने तेवढा क्षण आवाज मिटवावा लागतो. हे साधलं क्लारा रॉकमोर या बाईंनी. मूळच्या त्या व्हायोलिनवादक, बालवयातच नावाजलेल्या. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं. त्यांनी थेरेमिनसाठी हवेतल्या बोटांच्या स्थितींची स्वतःची पद्धत बसवली, म्हणजे प्रत्येक अंतरासाठी सगळा हात हलवायला नको. तेरमेनकडे हट्ट धरून वाद्याचा पल्ला पाच सप्तकांपर्यंत वाढवून घेतला, डावा हात अधिक चपळपणे चालेल अशी सुधारणा करून घेतली. त्यांचं वादन १९७७ मध्ये ध्वनिमुद्रिकेवर आलं, ते रॉबर्ट मूग आणि त्यांच्या पत्नी शर्ली यांच्या पुढाकाराने. सिंथेसायझरशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं त्या मूग यांनी शाळकरी वयात थेरेमिनच जोडायला घेतले होते. माझ्या मते या सगळ्या इतिहासात रॉकमोर यांच्याइतका महत्त्वाचा वादक दुसरा नाही. वाद्य विचित्र होतं म्हणून त्या मोठ्या नव्हत्या. त्यांनी ते विचित्र राहू दिलं नाही.

१९२८ मध्ये पॅरिसला मोरिस मार्तेनो याने आपलं 'ऑन्द मार्तेनो' लोकांपुढे आणलं. तो स्वतः चेलो वाजवणारा, त्यामुळे हाताची गरज त्याला ठाऊक होती. उजव्या तर्जनीत दोरीला बांधलेली अंगठी. ती सरकवली की सूर अखंड सरकतो, आणि समोर पट्ट्यांची रांग असल्याने कुठे थांबायचं ते डोळ्यांना दिसतं. डाव्या हाताखाली दाबाची एक कळ, आवाजाचा चढउतार त्यावर. म्हणजे एका हातात मींड, दुसऱ्यात गजाचा दाब. संगीतकार मेसियाँच्या 'तुरंगलिला' सिम्फनीत हे वाद्य आहे. १९४९ मध्ये बॉस्टनला तिचा पहिला प्रयोग झाला. बर्लिनमध्ये १९३० साली फ्रीडरिश ट्राउटवाइनने दाबायच्या तारेचं ट्राउटोनियम केलं, आणि ऑस्कर साला आयुष्यभर तेच वाजवत राहिला. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मधले पक्ष्यांचे भेसूर आवाज त्याच वाद्यावरचे. कॅनडात ह्यू ले केन याने १९४५ ते ४८ दरम्यान 'इलेक्ट्रॉनिक सॅकबट' बनवला. त्यात पट्टी आडवी रेटली की सूर वाकायचा आणि खोल दाबली की आवाज वाढायचा. पट्टीतून मींड काढण्याची युक्ती १९४८ सालीच तयार होती, हे विसरलं गेलं.

विसरलं जाण्याचं कारण मूग यांचं यश. १९६४ पासून त्यांनी तारांनी जोडायचे मॉड्यूल बनवले आणि संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सल्ल्यावरून त्यांना पियानोची पट्टी जोडली. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हा दुसरा कारागीर सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीतकारांसाठी यंत्र बनवत होता. त्याचा पट्टीला विरोध होता. पट्टी आली की तिच्यामागून जुनं संगीतही येतं, असं त्याचं म्हणणं. त्याने बोटांच्या स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या धातूच्या प्लेट्स बसवल्या. तत्त्वाने बुक्ला बरोबर होता असं मला वाटतं. बाजाराने मूग यांना कौल दिला. वेंडी कार्लोस यांच्या १९६८ च्या 'स्विच्ड-ऑन बाख'ने मूगचं नाव घरोघरी नेलं, पण ते सगळं स्टुडिओत एकेक ओळ मुद्रित करून जोडलेलं काम होतं. त्या यंत्रावर एका वेळी एकच सूर निघायचा. मंचावर नेलं तर दोन रचनांच्या मधे तारा बदलत बसावं लागायचं आणि दिव्यांच्या उष्णतेने आंदोलक बेसूर व्हायचे, ते वेगळंच. १९७० च्या मिनिमूगने तारांची कटकट संपवली आणि डाव्या हाताशी दोन चाकं दिली: एक सूर वाकवणारं, एक कंप देणारं. आजच्या बहुतेक कीबोर्डांवर ही चाकं, किंवा त्यांच्या जागी एखादी दांडी, सापडते. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सनईचा तुकडा वाजवणारा कीबोर्डवाला डाव्या हाताने जे करत असतो, ते हेच.

त्यानंतर १९८३ साली मिडी आलं. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या या कामाला २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं, ते योग्यच. पण मिडीची रचना पट्टी डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे. कुठली पट्टी, किती जोराने, कधी सोडली, हे ती चोख सांगते. सूर १२८ खणांत आणि जोरही तेवढ्याच पायऱ्यांत. सूर वाकवण्याची सोय आहे, पायऱ्याही सोळा हजारांवर आहेत, मात्र ती अख्ख्या चॅनलला लागू होते. म्हणजे षड्ज धरून ठेवायचा आणि वर गंधार आंदोलित करायचा म्हटलं, तर षड्जही डुलायला लागतो. आकाशवाणीवरच्या त्या जुन्या वादात ज्यांनी भाग घेतला असेल त्यांना हे कळायला क्षणभरही लागला नसता. ही अडचण मान्य होऊन तिच्यावरचा सर्वमान्य उपाय यायला २०१८ साल उजाडलं: 'एमपीई' या पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनल मिळतो, त्यामुळे प्रत्येक बोट आपला सूर वेगळा वाकवू शकतं.

उपाय कागदावर येण्याच्या बऱ्याच आधी वाद्यं आली होती. अमेरिकेतल्या लिपोल्ड हाकेन यांचं कंटिन्युअम म्हणजे मऊ, लालसर, सलग पृष्ठभाग. बोट आडवं सरकलं की सूर, पुढेमागे सरकलं की नादाचा पोत, दाबलं की आवाज. ए. आर. रहमान ते वाजवतात. 'दिल्ली-६' मधल्या 'रहना तू' या गाण्यात ते ऐकू येतं. गाण्याच्या शेवटी आवाज ज्या लवचिकपणे वळतो, तसा तो साध्या कीबोर्डवर वळवून दाखवावा. १९८० मध्ये ड्रम मशीन बनवणारे रॉजर लिन यांनी २०१४ मध्ये 'लिनस्ट्रुमेंट' काढलं, दोनशे चौकोनांचं. लंडनच्या 'सीबोर्ड'ने पट्टीचा आकार ठेवून ती रबरासारखी मऊ केली. या तिन्हींचा विचार एकाच दिशेचा आहे, आणि भारतीय कानाला सर्वांत जवळचीही हीच दिशा. त्या मानाने फुंकून वाजवायचं 'ईवीआय' आणि 'ईडब्ल्यूआय' हे नाइल स्टाइनर यांचे प्रयत्न आपल्याकडे फारच कमी पोचले. मायकेल ब्रेकरने 'ईडब्ल्यूआय' जॅझच्या मंचावर गाजवलं. श्वासाने आवाज उठवणारं वाद्य हे बासरी-सनईच्या देशात दुर्लक्षित राहावं, याचं नवल वाटतं.

दुसरी वाट नाट्याची. ॲमस्टरडॅममध्ये १९६९ पासून स्टाइम नावाची संस्था होती, प्रत्यक्ष मंचावर वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना वाहिलेली. तिथे मिशेल वाइसविस्झ याने १९८४ मध्ये 'द हँड्स' बनवलं: दोन्ही हातांवर चढवायच्या चौकटी, त्यांवर कळा, हात किती वाकला आणि दोन हातांत किती अंतर आहे हे ओळखणारे संवेदक. लेटिशिया सोनामी यांनी १९९१ पासून तारा आणि संवेदक लावलेला 'लेडीज ग्लव्ह' वापरला. त्याआधी, १९७७ मध्ये, लॉरी अँडरसन यांनी व्हायोलिनच्या गजावर केसांऐवजी मुद्रित टेप ताणली आणि घोडीच्या जागी टेपचं हेड बसवलं. गज ओढला की बोललेला शब्द पुढे जातो, उलटा ओढला की उलटा. अलीकडे इमोजेन हीप या ब्रिटिश गायिकेचे 'मी.मू' हातमोजे गाजले. बार्सिलोनाच्या विद्यापीठात तयार झालेलं 'रिॲक्टेबल' हे प्रकाशित गोल टेबल, त्यावर ठोकळे ठेवायचे, खालचा कॅमेरा ते ओळखणार. २००७ च्या दौऱ्यात ब्योर्कने ते मंचावर आणलं.

यांतलं बरंचसं पाहायला मोठं देखणं आहे. ऐकताना मात्र एक शंका राहते. हात हवेत उचलला आणि सूर उठला, हे पहिल्यांदा जादूसारखं वाटतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत लक्षात येतं की हात कितीही वेगळा हलला तरी ठरलेला तुकडाच सुटतो आहे. ते वादन राहत नाही, इशारा होतो. २००० च्या आसपास इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात अँडी हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याशी संबंधित प्रयोग केले. एक सरकती कळ एका गुणाला जोडलेली सोपी रचना, आणि दुसरी गुंतागुंतीची, जिच्यात अनेक हालचाली अनेक गुणांवर एकदम परिणाम करतात आणि आवाज चालू राहायला हात सतत हलता ठेवावा लागतो. सोपी रचना लगेच कळते; पण वेळ गेला तसे वाजवणारे दुसरीकडे ओढले गेले. पखवाज शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला हे विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं.

वाइसविस्झने मात्र एक गोष्ट केली, जी या क्षेत्रातले फार थोडे लोक करतात. काही काळानंतर त्याने 'द हँड्स'ची रचना बदलणं मुद्दाम थांबवलं आणि तेच वाद्य वाजवत राहिला. नव्या नियंत्रकांच्या जगातला खरा रोग इथे आहे. २००१ पासून 'नाइम' या नावाने नव्या वाद्यांवर दरवर्षी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. दर वर्षी डझनावारी नवी उपकरणं येतात, त्यांवर निबंध वाचले जातात, आणि पुढच्या वर्षी त्यांचा कर्ता दुसरं काहीतरी घेऊन येतो. रियाज कधी व्हायचा? शिष्य कोण तयार करायचा? अजय कपूर या तरुण संशोधकाने २००२ मध्ये प्रिन्स्टनमधून इलेक्ट्रॉनिक तबला आणि नंतर सतार मांडली. बोट कुठे पडलं, किती जोराने, हे संवेदकांनी ओळखायचं. काम अभ्यासपूर्ण होतं. पण तबलजींनी तबला सोडून ते उचललं असं झालं नाही, आणि उचलण्याचं कारणही नव्हतं. चांगला तबला त्यांच्याकडे होताच.

उशिराचाही प्रश्न आहे. हात पडल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ दहा मिलीसेकंदांच्या आत असावा, असं बर्कलीच्या डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी सुचवलं. तेवढ्या वेळात आवाज हवेतून साडेतीन मीटरपेक्षा थोडं कमी अंतर कापतो. उशीर स्थिर असेल तर वादक जुळवून घेतो; तो मागेपुढे होत राहिला तर लय सापडत नाही. एवढं पुरे.

लॅपटॉप आल्यावर श्रोत्यांची एक थट्टा जन्माला आली: टेबलामागचा माणूस वाजवतोय की ईमेल बघतोय? तिला एका गटाने सरळ उत्तर दिलं: पडदा सगळ्यांना दाखवा. २००४ पासून संघटित झालेले 'लाइव्ह कोडिंग'वाले मंचावर प्रत्यक्ष संगणकाच्या ओळी लिहून संगीत घडवतात आणि त्या ओळी मागच्या भिंतीवर दिसत राहतात. हात इथे टंकलेखनापुरता उरतो, हे खरं. तरी विचार दिसतो, चूकही दिसते. त्यांच्यात सर्वांत जास्त वापरली जाणारी एक भाषा म्हणजे ॲलेक्स मॅक्लीन यांची 'टायडल'. तिच्या लेखनपद्धतीवर बर्नार्ड बेल यांच्या 'बोल प्रोसेसर'चा प्रभाव आहे, आणि हा बोल प्रोसेसर १९८० च्या दशकात लखनौ घराण्याच्या तबल्यातल्या कायद्यांचे पलटे समजून घेण्यासाठी जेम्स किपन यांच्या साथीने तयार झाला. कायदा म्हणजे नियमांत राहून विस्तार. तो संगणकाच्या स्वभावाला धार्जिणा निघाला. हेच बेल पुढे पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात होते. टायडलच्या संगीतावर युरोपातल्या तळघरांत नाचणाऱ्यांना याचा पत्ता नसेल, आपल्याला तरी असावा.

मुंबईचा हिस्सा यात मोठा आहे, आणि तो नेहमी मागच्या दाराने आलेला आहे. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन ही बीन नव्हे. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली, हेमंतकुमारांच्या संगीतात. क्लॅव्हिओलिन म्हणजे एका वेळी एकच सूर देणारी छोटी विजेची पट्टी, गुडघ्याने आवाज कमीजास्त करण्याची सोय असलेली. कर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात चित्रपटसंगीतात मूग रुळवला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) संगीतकार डेव्हिड ट्युडर यांनी १९६९ मध्ये मूगचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाईंसारख्यांनी तिथे केलेलं काम टेपवर पडून राहिलं आणि २०२३ मध्ये संग्रहरूपाने बाहेर आलं. हा प्रयोग मंचावर फारसा आलाच नाही.

चरणजित सिंग यांची गोष्ट त्याहून बोलकी. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणाऱ्या या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. त्यातलं टीबी-३०३ हे गिटारवादकाला खर्जाची साथ देण्यासाठी बनवलेलं खोकं. त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक सोय होती. रागदारीच्या कानाने ऐकणाऱ्या माणसाला तिचा उपयोग आपोआप सुचला. शिकागोच्या तरुणांनी त्याच खोक्यातून 'ॲसिड हाउस' काढलं ते १९८७ मध्ये. सिंग यांची तबकडी तेव्हा कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि सत्तरीत पोचलेले सिंग युरोपातल्या मंचांवर ते राग प्रत्यक्ष वाजवायला गेले. २०१५ मध्ये ते वारले. ॲसिड हाउसचे ते आद्य जनक, असं काही जण लिहितात. शिकागोकरांनी त्यांचं ऐकलं असण्याची शक्यता जवळजवळ नाही, तेव्हा हे बिरुद खोटं आहे. त्यांच्या कामाला त्याची गरजही नाही.

प्रत्यक्ष वाजवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा महाराष्ट्रातला सर्वांत जिवंत नमुना कुठे आहे, असं विचारलं तर मी एखाद्या महोत्सवाकडे बोट दाखवणार नाही. मुंबई, ठाणे, रायगडच्या बेंजो पार्टीकडे दाखवीन. तिच्यातला बेंजो हा जपानच्या नागोयात १९१२ मध्ये निघालेल्या ताइशोगोतोचा वंशज. टाइपरायटरसारख्या कळा, खाली तारा, त्यांवर पिकअप, आणि सगळं टेम्पोवरच्या भोंग्यांतून. शेजारी कीबोर्ड, आणि ऑक्टोपॅड. रोलँडने १९८५ मध्ये पहिला ऑक्टोपॅड काढला तेव्हा त्यात स्वतःचा आवाजही नव्हता. आठ रबरी पॅड दुसऱ्या यंत्राला वाजवायचे. पुढे आवाज असलेली मॉडेलं आली तेव्हा आपल्या वादकांनी त्यांत ढोलकी, हलगी, संबळ, ताशा, झांज भरली. हळदीला एक टोन, कोळीगीताला दुसरा, विसर्जनाला तिसरा, आणि कुठल्या पॅडवर काय ठेवायचं हे ज्याचं त्याने वर्षानुवर्षं हाताखाली मुरवलेलं.

विद्यापीठांतल्या उपकरणांना जे मिळालं नाही ते या आठ पॅडना मिळालं. रचना चाळीस वर्षं जवळपास तीच राहिली. गाणी सगळ्यांना पाठ, त्यामुळे वादकाने काय वेगळं केलं हे ऐकणाऱ्याला कळतं. काठी पडताना दिसते आणि ठोका ऐकू येतो. पोरं मोठ्यांच्या मागे उभी राहून शिकतात. उणीव आहे, ती लपवायला नको: डग्ग्यावर मनगट सरकवून जो घुमारा निघतो तो पॅडवर भरलेल्या आवाजात गोठलेला असतो, म्हणून वादक दोनतीन वेगवेगळे घुमारे वेगळ्या पॅडवर ठेवून फिरवतात. हाताने वाजवायचं आणि दाबाला प्रतिसाद देणारं रोलँडचंच हँडसॉनिक २००० मध्ये आलं, ते या बाबतीत सरस आहे, पण टेम्पोवरच्या धक्क्यांत आणि दोन काठ्यांच्या जोरात ऑक्टोपॅडच टिकला. मोकळ्या सुरासाठी कंटिन्युअमकडे जावं लागेल. ठोक्यासाठी आपल्याकडे तयार परंपरा आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत जवळजवळ कुणी लिहीत नाही.

तेव्हा एक विनंती. तुमच्या आळीतल्या, गावातल्या बेंजो पार्टीचं जुनं मुद्रण घरात कुठे कॅसेटवर असेल, तर ते टाकून देऊ नका. उतरवून घ्या, आणि बेंजो कोणी वाजवला, ऑक्टोपॅडवर कोण होतं, कुठल्या साली, एवढं तरी त्यावर लिहून ठेवा.